असोद्याच्या नावावर टाकलेला माणूस

माझा पगार सात ठिकाणी वाटला जायचा. हातात पडायचा एकरकमी, पण कॉम्प्युटरमध्ये त्याचे सात तुकडे व्हायचे. चोपड्याच्या रस्त्याला इतके टक्के, वरणगावच्या गटारीला इतके, धुळ्याच्या टाकीला इतके. आणि ते तुकडे करणारी मीच. जळगावात एका ठेकेदाराच्या ऑफिसात मी बावीस वर्षं हिशेब लिहिले, त्यातली शेवटची काही वर्षं सॉफ्टवेअरवर. घरी नवरा चिडवायचा, "आज कुठला तुकडा आलाय घरी?" मी म्हणायची, "डोकं ऑफिसात राहिलंय, पोट आलंय. वाढा."

तेव्हा घरातले सगळे हसायचे. आता तो विनोद आमच्या घरात कोणी करत नाही.

आधी कामाची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या सॉफ्टवेअरला बेवारस खर्च चालत नाही. डिझेल असो, सिमेंट असो, मजुराचा रोज असो, प्रत्येक नोंदीला ते विचारणार, कुठल्या प्रोजेक्टचं? नाव दिल्याशिवाय पुढे सोडत नाही. आणि दिलेलं नाव बदलायचं तर ओळ निवडायची, दुसरा प्रोजेक्ट निवडायचा, एंटर दाबायचं. झालं काम. तीन ट्रक खडी नव्वद किलोमीटर लांब गेली, आणि जागेवरचा एक दगड हलला नाही. महिनाअखेरीला मी दिवसभर हेच करायची. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. एकच जेसीबी मी साठ टक्के इकडे नि चाळीस टक्के तिकडे ठेवलेला आहे. त्याचं तोंड कुठे आणि चाकं कुठे, हे मला कोणी विचारलं नाही.

शेठ, म्हणजे आमचे मालक, माणूस वाईट नव्हता. दिवाळीला न मागता द्यायचा, कोणाच्या घरी आजारपण असलं तर गाडी पाठवायचा. पण धुळ्याच्या पाण्याच्या टाकीने त्याला घाम फोडला होता. ते ठरलेल्या रकमेचं काम. खर्च कितीही होवो, मिळणार तेवढंच. आणि त्याच वेळी जळगावजवळ असोद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याचं काम चालू होतं, केळी पिकवायच्या थंड खोल्या बांधायच्या होत्या. तिथला करार उलटा. जितका खर्च दाखवाल तितका मिळेल, वर टक्केवारी. आता यातलं गणित शेंबडं पोरही सांगेल.

"ताई, धुळ्याचं पोट फार सुटलंय," शेठ म्हणाले. "थोडं असोद्याला द्या."

"शेठ, दुसऱ्याच्या बिलात आपलं पोट घालताय. एक दिवस अंगाशी येईल."

"येऊ द्या. अंग माझं आहे."

मी तोंडाची फटकळ. बोलून मोकळी व्हायची आणि मग सांगितलेलं निमूट करायची. माझ्या फटकळपणाचा उपयोग तेवढाच होता, हे मला फार उशिरा समजलं.

केळीवालाही कच्चा नव्हता. मजुरी दाखवाल तर नावं दाखवा, म्हणाला, आणि साइटवर अंगठ्याचं यंत्र बसवून घेतलं. सगळ्या मजुरांचे अंगठे कामावर लागतानाच आमच्या ऑफिसात घेतलेले असायचे. मी ज्याचं नाव ज्या साइटला लावीन, त्याचा ठसा त्या साइटच्या यंत्रात आपोआप जायचा. म्हणजे आता नुसता आकडा हलवून भागणार नव्हतं. धुळ्याचा एखादा माणूसच नावानिशी उचलून असोद्याला टाकायला हवा होता.

मी धुळ्याचा हजेरीपट उघडला आणि ज्याच्या नावासमोर एकही खाडा नव्हता तो माणूस उचलला. खाडा म्हणजे गैरहजेरी. मजुरांत कोणाचा सणाला खाडा, कोणाचा लग्नाला, कोणाचा दारूला. याचा महिनोन्महिने एकही नाही. सरळ रेघ. असा माणूस हलवायला सोपा, कुठे दिवस कापावे लागत नाहीत, हिशेब स्वच्छ दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याचा होता, एवढंच त्याच्याबद्दल मला माहीत. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. अंगठा घेतला त्या दिवशी मी रजेवर असेन.

एप्रिलच्या एक तारखेपासून मी त्याला असोद्याच्या नावावर टाकला. माणूस धुळ्यातच टाकीवर घमेली वाहत होता. असोद्याच्या यंत्रावर त्याचा अंगठा अर्थातच लागणार नव्हता. त्याची तोड मी काढून ठेवली होती. महिनाअखेरीला हाताने हजेरी भरायची आणि शेरा लिहायचा, यंत्रावर धूळ बसल्याने ठसा उमटला नाही. असोद्याला धुळीला काय तोटा?

एप्रिलची तीस तारीख. दुपार अशी की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दुकानांची शटरं अर्धी खाली, कूलरचा आवाज, त्याच्या वाळ्याच्या ओल्या पडद्याचा वास. मी असोद्याच्या यंत्राची यादी उघडली आणि त्याचे दिवस भरायला गेले.

दिवस भरलेले होते. एक तारीख, आठ वाजून दोन मिनिटं. दोन तारीख, आठ वाजून दोन मिनिटं. रविवार सोडून सगळे दिवस, सगळीकडे तोच काटा.

मला भीती वाटली नाही, राग आला. वाटलं, कोणीतरी आपल्यावर कुरघोडी करतंय. फोन उचलला आणि असोद्याच्या मुकादमाला, नानांना, असं झाडलं की शेजारच्या ऑफिसातली माणसं दारात येऊन उभी राहिली. नाना सत्तरीचे, मूळचे धुळ्याकडचे, बोलणं सगळं खानदेशी. माझं ओरडून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "ताई, मी कोनाले उगाच अंगठा लावू देत नही. रोज आठ वाजता यंत्र बोलस, थँक यू. मी देखस तं कोनी नही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तुम्ही नाव धाडं, तो उना." उना, म्हणजे आला.

दुसऱ्या दिवशी सुटी होती, तिसऱ्या दिवशी मी मेहरूणच्या घरून स्कूटी काढली आणि आठच्या आत असोद्याला पोचले. पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर यंत्र. मजुरांनी अंगठे लावले, ते कामाला पांगले, शेडमध्ये मी आणि नाना दोघंच उरलो. मी यंत्राच्या समोर हातभर अंतरावर उभी राहिले. मोबाइलवर आठ वाजून दोन मिनिटं झाली. काचेखालचा दिवा हिरवा झाला, आणि यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "थँक यू." पडद्यावर त्याचं नाव आलं, तीन सेकंद राहिलं आणि गेलं.

मी पदराने काच पुसली. पुसायला काही नव्हतं.

यंत्रवाल्याला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, मॅडम, उन्हाची तिरीप पडली की काचेवर राहिलेला जुना ठसा यंत्र वाचतं, होतं असं. पटण्यासारखं होतं. फक्त त्या माणसाचा अंगठा त्या काचेला जन्मात कधी लागला नव्हता. मग जुना ठसा आला कुठून? हे मी यंत्रवाल्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला इथे का लावलाय, हे सांगावं लागलं असतं.

त्या सकाळी शेडमधून निघताना नानांची वही चाळली. नानांचा एक नेम होता. यंत्र काही म्हणो, समोर तोंड दिसल्याशिवाय ते आपल्या वहीत कोणाची टीक करत नसत. त्या मजुराच्या नावासमोर एप्रिलचे पहिले आठ दिवस कोरे होते. नवव्या दिवसापासून टीक.

"नाना, हे काय? तोंड दिसलं का तुम्हाला?"

"नही."

"मग?"

नानांनी विटांच्या थप्पीकडे हात केला. "सांजले काम मोजस ना मी. बठ्ठा मिळीसन चौदा माणसं शेत. काम पंधराचं निंघस."

माणसं चौदा, आणि काम पंधरा जणांचं. बाजूला व्यापाऱ्याच्या जुन्या खोल्यांमधून पिकत्या केळ्यांचा गोडसर, दाट वास येत होता. मी स्कूटीला किक मारली ती थेट घरी. त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही, कळवलंही नाही. बावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

आता कोणीही शहाणा म्हणेल, बाई, मग त्याचं नाव परत धुळ्याला का नाही टाकलंस? पाच मिनिटांचं काम. बरोबर आहे. पण एप्रिलचं बिल गेलं होतं, त्यात त्याचं नाव होतं. मे महिन्याच्या बिलात तो एकदम नाहीसा झाला तर केळीवाला विचारणार. आणि आता सॉफ्टवेअरला एडिट लॉग असतो. काय बदललं, कोणी बदललं, किती वाजता, सगळं कायमचं राहतं. खोडता येत नाही. शिवाय खरं सांगू? मला ते कोणाला सांगायची लाज वाटत होती. हिशेबाची बाई आणि म्हणते, नाव हलवलं तर माणूस हलला. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आठवड्याने सळईच्या बिलासाठी धुळ्याच्या सुपरवायझरला फोन केला. बोलता बोलता, सहज विचारल्यासारखं, त्या माणसाचं विचारलं.

"कोण?" तो म्हणाला. मी नाव सांगितलं. "हां, तो. आज आला नाही वाटतं. नाही, थांबा, आलाय. समोरच उभा आहे की. त्याचं काय होतं, ताई, हल्ली ध्यानातच राहत नाही तो. जेवायला हाक मारायची राहून जाते. आणि कामाचा उरकच गेलाय त्याचा. दिवसभर घमेली वाहतो, डोळ्यांनी बघतो ना मी, आणि संध्याकाळी मोजावं तर त्याच्या वाटचं काहीच झालेलं नसतं."

मी सळईच्या बिलाचं न बोलताच फोन ठेवला.

मग त्या मजुराचाच फोन आला. दुपारचे तीन असतील. दबका, आर्जवी आवाज. सुपरवायझरने त्याला सांगितलं होतं, तुझं नाव असोद्याला दिसतंय, सुटी हवी तर ऑफिसला विचार. "अक्का," तो म्हणाला, "एक दिवस सुटी मिळंल का? घरी जाऊन झोपतो. फार थकवा शे. रात्रभर झोपतो तरी सकाळी पाय असे दुखतात का लांबून चालत आलो. आणि अंगाला केळांचा वास येतो, अक्का. इठे टाकीवर केळं कोठे?"

ज्याने कधी खाडा केला नाही तो माणूस एक दिवस मागत होता. आणि मी काय म्हणावं? माझ्या डोळ्यांसमोर मे महिन्याचं बिल होतं. सुटीचा खाडा पटावर लिहिला असता तर तो यंत्राशी जुळला नसता, कारण तिथलं यंत्र त्या दिवशीही थँक यू म्हणालं असतं. मी म्हटलं, "महिना संपू द्या, भाऊ. मग बघते. सगळं ठीक करते."

"बरं, अक्का," तो म्हणाला. वाद घातला नाही. त्याने वाद घातला असता तर मी चिडून का होईना त्याला सोडला असता, असं मला वाटतं. कदाचित हेही मी स्वतःची समजूत घालते.

त्यानंतर सहाव्या दिवशी तो टाकीच्या परांचीवरून पडला. सकाळी साडेआठच्या सुमाराला. सुपरवायझर सांगत होता, पाय घसरला नाही, कोणाचा धक्का नाही. उभ्या उभ्या झोप लागावी तसा गेला. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी यंत्राची यादी उघडली. त्या दिवशी सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी तो असोद्याला हजर होता. दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्याही.

मजुरांचा विमा साइटप्रमाणे असतो. धुळ्याच्या साइटवर पडलेल्या माणसाचं नाव धुळ्याच्या यादीत पाहिजे. विम्याच्या माणसाने कागद मागवले, पाहिले, आणि मला फोनवर हसत विचारलं, "मॅडम, तुमचा माणूस आठ वाजता असोद्याला आणि साडेआठला धुळ्यात? उडत गेला का?" मग लेखी कळवलं, सदर इसम अपघाताच्या दिवशी धुळ्याच्या कामावर नव्हता, सबब भरपाई देता येत नाही. त्या पत्राची एक प्रत त्याच्या घरी गेली.

मी शेठकडे गेले. म्हटलं, "नाव परत धुळ्याला टाकते. त्याच्या बायकोला पैसे मिळतील. दोन लेकरं आहेत."

शेठचा चेहरा उतरलेला होता, तेही झोपले नसावेत. "ताई, हलवलं की लॉगमध्ये दिसणार. केळीवाला मागचं सगळं उकरून काढेल. एक नाव नाही, सगळं ऑफिस जाईल. मी देतो तिला माझ्या खिशातून काहीतरी."

"काहीतरी म्हणजे किती?"

शेठ समोरची फाइल चाळायला लागले. आणि मी, जिची जीभ कोणाच्या बापाला भ्यायची नाही, ती मीही गप्प बसले. एक नाही दोन नाही, बारा दिवस. घराचे हप्ते चालू होते. रोज सकाळी साडेआठला ऑफिसात आले की पहिलं यंत्राची यादी उघडायची. आठ वाजून दोन मिनिटं. मेल्यावरही आम्ही त्याला सुटी दिली नव्हती. माझ्याच हातांची मला किळस यायला लागली होती.

तेराव्या दिवशी दुपारी ती आली. शेठ जेवायला घरी गेले होते. बाहेर झळा. दार ढकलून ती आत आली आणि कूलरसमोर न थांबता सरळ माझ्या टेबलाशी आली. तिशीही नसेल. हातात विम्याचं पत्र, चौपदरी घडी, घामाने ओलसर झालेली. मी ओळखलं आणि उठून उभी राहिले. मला वाटलं, शिव्या देईल. बरं झालं, देऊ दे.

ती म्हणाली, "अक्का, गावातल्या मास्तरनी वाचून दिलं. यात लिखेल शे का तो त्या दिवशी असोद्याले व्हता. आठ वाजता. अंगठा लावेल शे."

"हो, लिहिलंय तसं."

"मंग आम्ही माती कोनले दिधी?"

मला एकदम कळलं नाही ती काय विचारते आहे. ती पुढे बोलत राहिली, घाईघाईने, कोणी मधे तोडू नये म्हणून. दवाखान्यातून आणला तेव्हा तोंडावर पट्ट्या होत्या. बाया म्हणाल्या, बघू नको. तिने पाहिलं नाही. धुळ्याला तशा बांध्याची माणसं पुष्कळ. मग तो असोद्याला असेल तर कोणीतरी त्याला सांगायला हवं ना, की घरी ये, घरी रड पडली आहे. ती असोद्यालाच निघाली होती. रस्त्यात ऑफिस लागलं म्हणून आधी विचारायला आली, तो आजही कामावर आला का?

मी सकाळीच यादी पाहिली होती. मला खरं उत्तर माहीत होतं, आणि ते तिला दिलं असतं तर ती तशीच असोद्याला गेली असती. त्या शेडमध्ये उभी राहिली असती. रोज.

"बसा," मी म्हटलं. पाणी दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. तो असोद्याला कधी गेलाच नाही. मी त्याला तिथे टाकला. बिलासाठी. कागदावर.

"तुम्ही?"

"मी."

"त्यालेच का?"

"त्याचा एकही खाडा नव्हता म्हणून."

तिने मान हलवली. "नही करे तो खाडा. पोर झाली त्या दिवशी बी गयता," म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. थोडा अभिमानच होता, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

मग मी तिला सांगितलं की आता मी त्याचं नाव परत धुळ्याला टाकणार आहे. टाकलं की विम्याला कागद जाईल, सोबत माझं पत्र जाईल की चूक माझी, यंत्राची नोंद खोटी. पैसे पोरांना मिळतील. शेठ मला काढतील, ते माझं मी बघेन. हे बोलताना मला फार हलकं वाटत होतं. बारा दिवसांनी प्रथमच आपण काही चांगलं करतोय असं वाटत होतं. मूर्ख बाई.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिला वाचता येत नव्हतं. "कोठे शे तो?" तिने विचारलं. मी त्याच्या नावावर बोट ठेवलं, आणि बाजूला लिहिलेल्या असोद्यावर. एप्रिलपासूनच्या सगळ्या ओळी निवडल्या. त्या निळ्या झाल्या. समोर धुळे निवडलं. सॉफ्टवेअरने विचारलं, बदल करायचा का?

"थांबा जराखं," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला.

"आते तो तठेच शे ना? असोद्याले?"

"कागदावर आहे."

"हां, कागदवर." तिने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, न पिता. "आठ वाजता उना. अंगठा लावा. काम करी ऱ्हायना."

"कागदावर, बाई."

"समजस माले." ती चिडली नाही. "जराखं ऱ्हाऊ द्या."

आम्ही दोघी बसून राहिलो. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा घरघरत होता, उठून पाणी घालायला हवं होतं, पण मी हलले नाही. ती त्या निळ्या ओळींकडे बघत होती. एकदा तिने हात पुढे केला आणि त्याच्या नावावर, काचेला न लावता, बोट धरलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. खाली शेठची गाडी थांबल्याचा आवाज आला. दार आपटलं. जिन्यावर पावलं वाजली.

मी तिच्याकडे पाहिलं. मी तिला घाई केली नाही, एवढं मात्र मी केलं.

"करा," ती म्हणाली.

मी एंटर दाबलं. ओळी नाहीशा झाल्या, आणि दुसऱ्या पानावर उमटल्या.

"आते कोठे शे?"

"धुळ्याला."

"टाकीवर?"

"हो."

मग माझ्या तोंडाकडे बघत, अगदी हळू, तिने विचारलं, "पडना का?"

"हो, बाई," मी म्हटलं. "पडला."

तेव्हा ती रडायला लागली. तो गेल्यापासून पहिल्यांदा, हे तिने मला नंतर सांगितलं. शेठ दारात येऊन उभे राहिले आणि आत यायचं धैर्य त्यांना झालं नाही.